बत्तीसात एक : मुंबई, लोणार आणि आकाशातला दगड

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. सकाळचे आठ वाजले होते. मी क्लेमेंटी स्टेशनच्या जिन्यावर होतो आणि आईचा फोन आला. इथे आठ म्हणजे डोंबिवलीत साडेपाच. घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की अवेळी आलेला घरचा फोन उचलताना छातीत काय होतं.

"अरे, मुंबईवर आकाशातून दगड पडणार म्हणे. तीन टक्के. बाबांनी मोबाइलवर वाचलं. खरं आहे का?"

मी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणालो, "काही नाही गं, तीन टक्केच तर आहे." गाडीत बसल्यावर मात्र ते उत्तर मलाच खटकायला लागलं. बाबांच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी "तीन टक्के धोका आहे" असं सांगितलं असतं, तर मी "काही नाही" म्हणालो असतो का?

आठवडाभरात तो आकडा जवळजवळ शून्यावर आला. मग बाबांचा फोन. "म्हणजे आधी खोटं सांगत होते का रे हे लोक?"

आईचा प्रश्न आणि बाबांचा प्रश्न, दोन्ही चांगले होते आणि दोन्हींची मी दिलेली उत्तरं अर्धवट होती. तुमच्याही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा असंच काही फिरलं असेल. म्हणून आज नीट बसून हिशेब करूया. कागद-पेन्सिल लागेल, पण गणित शाळेतलंच आहे.

नेमकं काय झालं होतं?

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधल्या ॲटलास दुर्बिणीला एक नवा लघुग्रह दिसला. नाव पडलं '२०२४ वायआर४'. गंमत म्हणजे तो दिसला तेव्हा पृथ्वीजवळून जाऊन त्याला दोन दिवस झाले होते. तो सूर्याच्या बाजूने आला होता आणि दिवसाच्या उजेडात दुर्बिणी आंधळ्या असतात.

त्याची कक्षा काढल्यावर दिसलं की २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पुन्हा पृथ्वीच्या अगदी जवळ येणार आहे. जानेवारीच्या अखेरीस टक्कर होण्याची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्क्यांवर पोचला. या आकाराच्या कोणत्याही लघुग्रहासाठी आजवर नोंदलेला हा सर्वांत मोठा आकडा. धोका मोजायची 'तोरिनो' नावाची ० ते १० अशी पट्टी आहे, तिच्यावर तो ३ वर होता. दोनच दिवसांत, २० तारखेला, आकडा ०.२८ टक्क्यांवर आला आणि २४ तारखेपर्यंत ०.००४ टक्क्यांवर.

टक्कर झालीच असती तर ती कुठे, हेही काढलेलं होतं. पूर्व प्रशांत महासागरापासून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया असा एक लांब, अरुंद पट्टा. त्या पट्ट्यात मुंबई होती. सिंगापूर नव्हतं. म्हणजे मी पट्ट्याबाहेर आणि आई-बाबा पट्ट्यात. परदेशी राहणाऱ्याला ही भावना काही नवीन नाही.

बत्तीस ब्लॉक आणि एक पार्सल

दगडाने वाट बदलली नव्हती. मग ३.१ टक्क्यांचे शून्य कसे झाले?

समजा, क्लेमेंटीत राहणाऱ्या तुम्हाला कोणी सांगितलं, की एक पार्सल येतंय, पत्ता पुसट झालाय, पण ते इथल्या १०० ब्लॉकपैकी एकात जाणार हे नक्की. तुमच्या ब्लॉकची शक्यता १ टक्का. थोड्या वेळाने कळतं की ५० ब्लॉक बाद झाले, तुमचा अजून यादीत आहे. शक्यता २ टक्के. आणखी काही गळाले, ३२ उरले. आता ३२ मध्ये १, म्हणजे ३.१ टक्के. मग पत्त्यावरचं आणखी एक अक्षर वाचता येतं आणि तुमचा ब्लॉक यादीतून बाहेर पडतो. शक्यता शून्य.

या सगळ्या वेळात पार्सल त्याच पत्त्याला चाललं होतं. बदलली ती आपली माहिती.

लघुग्रहाचंही असंच होतं. आज त्याची जागा आणि वेग मोजताना अगदी थोडी चूक राहते. ती आठ वर्षं पुढे नेली की मोठी होते. म्हणून २०३२ मधली त्याची जागा एका ठिपक्याऐवजी लांबलचक रेषा म्हणून मिळते आणि त्या रेषेवर तो कुठेही असू शकतो. पृथ्वी त्या रेषेवर असली की शक्यता शून्यापेक्षा जास्त निघते. जसजशी निरीक्षणं वाढतात तसतशी रेषा आखूड होते. पृथ्वी अजून तिच्या आत असेल तर टक्केवारी वाढते. रेषा आणखी आखडून पृथ्वी बाहेर पडली की आकडा धाडकन खाली येतो.

म्हणजे आधी वाढणारा आणि मग कोसळणारा आकडा ही चूक नाही. बहुतेक वेळा असंच व्हायला हवं. डिसेंबर २००४ मध्ये अपोफिस नावाच्या लघुग्रहाबाबत हेच झालं. त्याचा आकडा २.७ टक्क्यांपर्यंत गेला आणि पुढच्या निरीक्षणांनी तो खाली आणला.

बाबांना सांगायचं उत्तर हे. खोटं कोणी बोललं नाही. ३.१ टक्के हे त्या दिवशीच्या माहितीचं माप होतं आणि त्या दिवशी ते बरोबर होतं.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या व्यासाइतकं अंतर ती सुमारे सात मिनिटांत ओलांडते. दोन वाटा एकमेकींना छेदतात एवढ्याने टक्कर होत नाही. छेदाच्या जागी दोघांनी त्याच सात मिनिटांत यावं लागतं.

दगड एवढासा, मग धास्ती कसली?

जेम्स वेब दुर्बिणीने वायआर४ चा आकार सुमारे ६० मीटर ठरवला. साधारण वीस मजली एचडीबी ब्लॉकच्या उंचीचा एक दगड. आपल्याकडे डोंगर फोडून याहून जास्त खडी निघते. मग एवढा गहजब का?

कारण वेग. तो आदळला असता तर सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने. सिंगापूर पूर्व-पश्चिम ५० किलोमीटर आहे. चांगीपासून तुआसपर्यंत तो तीन सेकंदांत पोचला असता. मुंबई ते पुणे नऊ सेकंद.

गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे सूत्र आठवत असेल. एक किलो वस्तुमान आणि सेकंदाला १७,००० मीटर वेग घाला. उत्तर येतं साडेचौदा कोटी ज्यूल. एक किलो टीएनटी स्फोटकातून सुमारे ४२ लाख ज्यूल मिळतात. म्हणजे या वेगाने येणारा एक किलो साधा दगड ३५ किलो टीएनटीच्या बरोबरीचा. स्फोट व्हायला दगडात काहीही असावं लागत नाही. वेग पुरतो.

आता ६० मीटर व्यासाचा गोल घ्या. दगडाची नेहमीची घनता धरली तर वजन सुमारे ३ लाख टन. गुणिले ३५ म्हणजे एक कोटी टन टीएनटी, १० मेगाटन. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता. म्हणजे हिरोशिमाच्या सहाशेपटीहून जास्त.

याचं खरं उदाहरण आपल्याकडे आहे. ३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर अशाच आकाराची एक वस्तू हवेतच फुटली आणि सुमारे २,१५० चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं. हे क्षेत्र अख्ख्या सिंगापूरच्या जवळजवळ तिप्पट. लहान उदाहरण अलीकडचं, १५ फेब्रुवारी २०१३ चं. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर २० मीटरचा एक दगड सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. जवळजवळ १,५०० लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. आधी डोळे दिपवणारा उजेड दिसला, लोक काय झालं ते बघायला खिडकीशी गेले आणि मग आवाजाची लाट येऊन पोचली. हा दगडही सूर्याच्या बाजूने आला होता. आधी कोणालाच दिसला नव्हता.

एवढ्यावरून एक धडा लगेच घेऊन ठेवा. आकाशात अचानक विजेपेक्षा तीव्र उजेड दिसला, तर खिडकीपासून लांब व्हा.

आपल्या घरचं विवर

असा दगड महाराष्ट्रात पडू शकतो का, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे की पडलेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, जवळजवळ गोल, दीडशे मीटर खोल विवर आणि तळाशी खारट, अल्कधर्मी पाणी. काठावर उभं राहून आत बघताना गुरुजींनी "हे उल्केमुळे झालं" असं एका वाक्यात सांगून पुढे नेलेलं असतं.

ते एक वाक्य सिद्ध करायला फार वर्षं लागली. गावातली कथा लवणासुराची. विष्णूने त्याला मारलं, तो जिथे राहत होता ते हे विवर. गावातलं दैत्यसूदनाचं सुंदर मंदिर त्याच कथेशी जोडलेलं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पण दख्खनचं पठार सगळं लाव्हारसाचं, म्हणून हे ज्वालामुखीचंच तोंड असणार असं बराच काळ मानलं जात होतं.

निकाल लागला १९७३ मध्ये. अमेरिकन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी विवराच्या तळातून काढलेल्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं जाहीर केलं. फेल्स्पार हे खनिज प्रचंड धक्क्याने, न वितळता, काचेसारखं होतं तेव्हा मास्केलिनाइट बनतं. इतका दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. तो फक्त आकाशातून आलेल्या आघाताने येतो.

विवर किती जुनं यावरही मतभेद होते. आधी सुमारे ५० हजार वर्षं हा आकडा सांगितला जायचा. २०११ मध्ये आरगॉन पद्धतीने केलेल्या कालमापनात ५ लाख ७० हजार वर्षं आलं, ४७ हजार वर्षं इकडे-तिकडे धरून. आपली मानवजात जेमतेम ३ लाख वर्षांची. म्हणजे तो दगड पडला तेव्हा दगडी हत्यारं करणारे आपले दूरचे भाऊबंद भारतात वावरत होते, पण आपण अजून यायचे होतो.

लोणारचा दगड किती मोठा होता याचे अंदाज शंभर मीटरच्या आगेमागे आहेत. म्हणजे वायआर४ चा थोरला भाऊ. बेसाल्ट खडकात आघाताने झालेली विवरं जगात मोजकीच आहेत. चंद्राचा आणि मंगळाचा पृष्ठभागही बऱ्याच ठिकाणी बेसाल्टचा. म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात.

आणि सिंगापूरच्या शेजारचं हरवलेलं विवर

लोणारचं विवर दिसतं, त्यामागचा दगड सापडत नाही. सिंगापूरच्या शेजारी उलट आहे. आघाताच्या खुणा हजारो किलोमीटर पसरल्या आहेत आणि विवराचाच पत्ता नाही.

थायलंड, व्हिएतनाम, जावा, फिलिपिन्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जमिनीत काळ्या काचेचे छोटे तुकडे सापडतात. त्यांना टेक्टाइट म्हणतात. आघाताने जमीन वितळून उडाली आणि तिचे थेंब हवेत गोठून खाली पडले. सगळ्यांचं वय एकच, सुमारे ७ लाख ९० हजार वर्षं. म्हणजे एकाच घटनेचे हे थेंब. पृथ्वीच्या निदान एक दशांश पृष्ठभागावर ते पसरले आहेत. त्या काळी जाव्यात होमो इरेक्टस राहत होते. तो दिवस कोणीतरी नक्कीच पाहिला असेल.

इतका मोठा आघात आणि विवर कुठे? २०२० मध्ये इथल्याच नानयांग विद्यापीठातल्या अर्थ ऑब्झर्व्हेटरी ऑफ सिंगापूरचे केरी सीह आणि सहकाऱ्यांनी एक उत्तर सुचवलं. दक्षिण लाओसमधल्या बोलावेन पठाराखाली. आघातानंतर तिथे ज्वालामुखींचा लाव्हा वाहिला आणि त्याने विवर बुजवलं असावं. सगळ्यांनी हे अजून मान्य केलेलं नाही. पण ते बरोबर असेल, तर माझ्या घरापासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर एक भलंमोठं विवर कॉफीच्या मळ्यांखाली झोपलेलं आहे.

पृथ्वीवर विवरं कमी दिसतात याचं कारण हेच. दगड तिलाही चंद्राइतकेच लागले, पण ती जखमा भरून काढते. पाऊस, नद्या, लाव्हा, समुद्र. लोणार उरलं कारण ते भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचं आहे.

आता आईचा प्रश्न: घाबरायचं किती?

आधी ढोबळ आकडे. चेल्याबिन्स्कसारखा २० मीटरचा दगड काही दशकांतून एकदा येतो. तुंगुस्कासारखा साधारण हजार वर्षांतून एकदा. एक किलोमीटरचा काही लाख वर्षांतून एकदा. आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिक्शुलूबला पडून डायनोसॉरचा शेवट करणारा १० किलोमीटरचा, साधारण दहा कोटी वर्षांतून एकदा.

यातून तुमचा स्वतःचा धोका काढूया. तुंगुस्का घ्या. उद्ध्वस्त झालेलं क्षेत्र २,१५० चौरस किलोमीटर. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. भागाकार करा, असा दगड आला तर तुमचं घर त्या क्षेत्रात असण्याची शक्यता सुमारे २ लाख ३७ हजारांत एक. तो हजार वर्षांतून एकदा येतो. म्हणजे एखाद्या ठरावीक घरावर ही वेळ सुमारे २४ कोटी वर्षांतून एकदा. ८० वर्षांच्या आयुष्यात शक्यता ३० लाखांत एक.

आता चिक्शुलूब. तो दहा कोटी वर्षांतून एकदाच, पण आला तर घर कुठेही असलं तरी सुटका नाही. ८० भागिले दहा कोटी, म्हणजे साडेबारा लाखांत एक.

पुन्हा वाचा. लाखपट दुर्मीळ असलेल्या दगडाचा तुम्हाला असलेला धोका, वारंवार येणाऱ्या दगडापेक्षा दुपटीहून जास्त निघाला. कारण लहान दगड कोणाला तरी मारतो, मोठा सगळ्यांना.

म्हणूनच शास्त्रज्ञांनी आधी मोठे दगड शोधायला घेतले. पृथ्वीच्या कक्षेजवळ येणाऱ्या एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त आता सापडले आहेत आणि त्यांतला एकही पुढच्या शंभर वर्षांत आपल्यावर येत नाही. म्हणजे वर काढलेला साडेबारा लाखांत एक हा आकडा आज खूपच खाली आलाय. तिथेही आकाशात काही बदललं नाही. यादीतले ब्लॉक एकेक करून तपासले गेले, एवढंच.

पण यादी पूर्ण नाही. १४० मीटरहून मोठे, म्हणजे एखादं राज्य उद्ध्वस्त करू शकतील असे लघुग्रह सुमारे २५ हजार असावेत. त्यांतले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. वायआर४ च्या आकाराच्या दगडांपैकी तर फारच थोडे. शिवाय दूरवरून येणारे धूमकेतू आहेतच, ते फार आधी कळवून येत नाहीत. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा वाचली असेल तर पृथ्वीच्या दिशेने निघालेला धूमकेतू आठवेल. ती कथा लिहिली गेली तेव्हा असा शोध घेणारी आजच्यासारखी यंत्रणा नव्हती.

वाटाण्याएवढी पृथ्वी

आता थोडं लांब जाऊन बघूया. पृथ्वी एक सेंटीमीटरची, वाटाण्याएवढी धरा. चंद्र त्याच्यापासून ३० सेंटीमीटरवर, शाळेतल्या फूटपट्टीच्या दुसऱ्या टोकाला. सूर्य ११७ मीटरवर, म्हणजे एका लांब एचडीबी ब्लॉकच्या पलीकडच्या टोकाला, एक मीटरहून थोडा मोठा गोळा. सगळ्यात जवळचा तारा? या प्रमाणात तो साडेएकतीस हजार किलोमीटरवर. क्लेमेंटीत वाटाणा ठेवला तर त्या ताऱ्यासाठी अख्खी पृथ्वी पुरत नाही.

या वाटाण्याच्या प्रमाणात डायनोसॉरना संपवणारा दगड आपल्या रक्तातल्या एका तांबड्या पेशीएवढा. आणि वायआर४ एखाद्या विषाणूहूनही लहान. अंधारात, ११७ मीटर लांब असलेल्या दिव्याच्या उजेडात, वाटाण्याजवळून जाणारा विषाणू शोधायचा आणि आठ वर्षांनी तो कुठे असेल ते सांगायचं, असं हे काम आहे.

आपण किती लहान आहोत हे सांगून लेख संपवायची पद्धत आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. सह्याद्रीचा काळा दगड घ्या, ज्याचे आपले किल्ले आणि आजीचा पाटा-वरवंटा. तो लाव्हा वाहत होता त्याच सुमारास चिक्शुलूबचा दगड पडला. डायनोसॉर किती दणकट, आणि सोळा कोटींहून जास्त वर्षं टिकलेले. पण त्यांच्यातल्या कोणालाही येणारा दगड म्हणजे काय हे कळलं नाही. लोणारचा दगड पडला तेव्हाही कोणी मोजत नव्हतं. विषाणूएवढ्या दगडाची तारीख आठ वर्षं आधी काढणारे पृथ्वीच्या इतिहासात आपण पहिलेच.

आणि कळलं तर करता काय येतं?

इथे ती सात मिनिटं कामाला येतात. दगड फोडायची गरज नाही. त्याला छेदाच्या जागी सात मिनिटं उशीर करायला लावला तरी पुरतं. डोंबिवलीच्या लोकलला जमतं ते लघुग्रहाला का जमू नये?

२६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने हे करून पाहिलं. डार्ट नावाचं यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या जवळजवळ १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. हा लघुग्रह दुसऱ्या एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता. धडकेनंतर तो ११ तास २३ मिनिटांच्या आसपास फिरू लागला. माणसाने एका आकाशस्थ गोलाची गती बदलल्याची ही पहिली वेळ. परिणाम जवळून बघायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं.

पण या उपायाला एक अट आहे, वेळ. एखाद्या लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त एका सेंटीमीटरने बदलला, तर दहा वर्षांत तो तीन हजार किलोमीटरहून जास्त सरकतो. दहा दिवसांत मात्र नऊ किलोमीटरही नाही. दहा वर्षं आधी कळलं तर मुंगीचा धक्का पुरतो, दहा दिवस आधी कळलं तर काहीच पुरत नाही. मग उरतो तो एकच मार्ग, माणसं हलवायची. म्हणून सगळी भिस्त आधी शोधण्यावर आहे. चिलीतल्या रुबिन दुर्बिणीने २०२५ मध्ये सुरुवातीच्या सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांतच दोन हजारांहून जास्त नवे लघुग्रह टिपले. सूर्याच्या बाजूने येणारे दगड शोधायला जमिनीवरच्या दुर्बिणी कमी पडतात. त्यासाठी उष्णता टिपणारी निओ सर्व्हेयर ही दुर्बीण अवकाशात पाठवायची तयारी चालू आहे.

तर मग

१३ एप्रिल २०२९, शुक्रवार. ही तारीख लिहून ठेवा. सुमारे साडेतीनशे मीटरचा अपोफिस त्या दिवशी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपले टीव्हीचे उपग्रह त्याच्याहून लांब असतात. धोका काही नाही. हे २०२१ मध्ये पक्कं झालंय, पुढच्या शंभर वर्षांसाठी. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या मंडळींना तो नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसेल. आम्हा सिंगापूरकरांना तो सर्वांत जवळ असेल त्या क्षणी दिसणार नाही. तेव्हा लंडन-दुबईकरांनो, आमच्यासाठी फोटो काढा. आणि त्या आठवड्यात ग्रुपवर येणाऱ्या 'जगबुडी'च्या मेसेजला काय उत्तर द्यायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

त्या फेब्रुवारीत मी आईला पुन्हा फोन केला होता. म्हणालो, "आई, मी परवा चुकीचं सांगितलं. तीन टक्के म्हणजे काही नाही, असं नसतं. पण तीन टक्के म्हणजे अजून मोजणं चालू आहे. ज्यांचं ते काम आहे ते रोज रात्री मोजतायत."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि समजा खरंच यायचा असता तर?"

"तर आठ वर्षं आधी कळलं असतं. तुम्हाला दोघांना इकडे आणलं असतं."

"आठ वर्षं कशाला थांबायचं," आई म्हणाली, "मे महिन्यात येतोच आहोत की."